वरची ओळ सरकत नाही

पहिल्याच दिवशी बिराजदार सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू इनलाइन का ब्लॉक?" मी हादरलेच. तामलवाडीहून तुळजापुरात कॉम्प्युटर क्लासला आलेली मी. मला वाटलं, जातबीत विचारतात की काय!

सर वेबसाइट बनवायला शिकवतात आणि माणसांनाही त्याच हिशोबात बसवतात. ब्लॉक म्हणजे अख्खी ओळ अडवणारा. त्याचं पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवतीची मोकळी जागा, वाढवलं की वरचे-खालचे निमूट लांब होतात. "आमचे थोरले बंधू!" सर म्हणतात. इनलाइन म्हणजे ओळीत दाटीनं बसलेला. त्याला पॅडिंग दिलं तर शेजारचे सरकतात, पण वरची-खालची ओळ ढिम्म हलत नाही. "मग ह्याचा रंग चढतो वरच्याच्या अंगावर. कळलं का, बाई?"

मी मान हलवायचे. कळलेलं नसायचं.

माझं पहिलं पान एका लॉजचं होतं. 'खोली बुक करा' या लिंकला मी लाल पट्टी आणि ऐसपैस पॅडिंग दिलं. लिंक मुळात इनलाइन असते, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी लॉजचे मालक मोबाइल नाचवत आत आले.

"ओ सर, माझा बाप कुठं गेला?"

वरच्या ओळीतलं त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव लाल रंगाखाली गडप झालं होतं.

"मेल्यावर बी सुखानं ऱ्हाऊ देईनात!"

सरांनी लिंकला ब्लॉक केलं. लाल पट्टी खाली सरकली, वडील उघडे झाले. मालकांचा राग मात्र जागचा हलेना. "खाली 'बनवणारे' म्हणून तुमची दोघांची नावं हायती. ती काढा आधी!"

ते पान बघायला माझे वडील, आबा, सकाळपासून गावात मोबाइल घेऊन बसले होते; सरांना मी तसं सांगितलंही होतं.

"एक काढतो, अण्णा. क्लास माझा, चूक माझी," म्हणत सरांनी स्वतःचं नाव पुसलं. मालक पुटपुटत गेले.

"सर, चूक तर माझी होती."

"व्हय. पण तुझं वाचणारं कुणीतरी हाय. माझं कोण वाचतंय, बाई? लाव आबाला फोन. स्पीकरवर लाव."

पलीकडून आबा अक्षराला अक्षर जोडत माझं नाव वाचू लागले. वाचून झालं, तसे सर खिडकीकडं तोंड करून हळूच म्हणाले, "आणिक एकदा वाचा म्हणावं की."