आधी म्हैस

समोरच्या वैद्यबाई कुणाला सरळ फाटकाबाहेर सोडत नाहीत. आधी विचारतात, "काय दिसतंय?" डोळ्यांना दिसेल ते मोठ्यानं सांगायचं, मगच गाडीला किल्ली.

पडेगावच्या आमच्या गल्लीत दिसणार काय? माझी म्हैस, पाण्याचा उभा टँकर आणि ओट्यावर मी. बाईंकडं येणारी शिकलेली पोरं रोज संध्याकाळी माझ्याकडं बघून म्हणतात, "म्हैस. टँकर. आजी." माझा नंबर कायम म्हशीनंतर. एकदा बाईंनी गॅसवाल्यालाही अडवलं. तो म्हणाला, "उशीर दिसतोय, बाई."

अपघात, मारहाण असलं सोसून ज्यांचं मन हबकलेलं असतं, त्यांना सावरणारे समुपदेशक असतात. बाई त्या समुपदेशकांना तयार करतात. काय विचारलं, कुठं थांबायला हवं होतं, सगळं खोदून काढतात. ऐकलेलं डोक्यात घेऊन कुणी रस्त्यावर जाऊ नये, म्हणून ते फाटकातलं विचारणं.

परवा त्यांच्यातली सायली फाटकात उभी राहिली आणि तिला काहीच दिसेना. म्हैस समोर रवंथ करत होती.

"आज आलेल्या ताईंना काय घडलं ते मी फार लवकर विचारलं, मॅडम. त्या मधेच उठून गेल्या. आता फोन बंद येतोय."

बाईंचा चेहरा उतरला, आवाज चढला नाही. "भावाचा नंबर दिलाय ना त्यांनी? लाव."

रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना.

"मी हे काम सोडते, मॅडम."

"ते नंतर बघू. तू तयार आहेस असं मी म्हणाले होते. चूक माझीही आहे. परत लाव."

"आत तरी बसा," मी ओट्यावरून ओरडले. दोघी हलल्या नाहीत. धारेची वेळ टळली, मीही हलले नाही.

शेवटी भावाचाच फोन आला. सायलीनं स्पीकर लावला. "ताई गंगापूरला आलीय, झोपलीय. परत येते म्हणती. पण ह्या टायमाला ती सांगंल तेवढंच ऐका."

सायलीला रडू फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं, मग विचारलं, "काय दिसतंय?"

"म्हैस," ती नाक पुसत म्हणाली. "टँकर. आजी."

ती गेली. बाई फाटक धरून तशाच उभ्या. कडी लावत होत्या, काढत होत्या, परत लावत होत्या. घरात एकट्या. त्यांना कोण विचारणार?

मी रस्ता ओलांडला. "बाई, काय दिसतंय?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही."

"आधी म्हैस," मी म्हणाले. "तिची धार राहिलीय. चला."