नानासाहेबांचा बिनतारी गळ

लोकनेते कै. नानासाहेब पिंपळवाडीकर यांच्या स्मारकाचं बांधकाम उस्मानपुऱ्यात वेळेत पूर्ण झालं. असं काही होईल याची कोणालाच कल्पना नसल्यामुळं आत काय ठेवायचं याचा विचार झालेला नव्हता. घुमट होता, कारंजं होतं, वाहनतळ होता आणि मधल्या दालनात नऊ फूट उंचीचं काचेचं कपाट होतं. मार्च संपायच्या आत निधी खर्च करायचा होता आणि पुरवठादाराकडं त्या मापाचं एकच शिल्लक होतं, म्हणून ते घेतलेलं होतं. नानासाहेबांचा चष्मा, काठी आणि आरामखुर्ची तिन्ही चिरंजीवांच्या वादामुळं कोर्टाच्या मोहरेखाली होती. शिवाय नऊ फुटी कपाटात चष्मा ठेवला, तर तो कोणीतरी विसरून गेल्यासारखा दिसला असता.

उद्घाटनाला मंत्रिमहोदयांनी तारीख दिली होती. स्मारक समितीचे सदस्य-सचिव काकासाहेब हे निवृत्त उपजिल्हाधिकारी. त्यांनी पेपरातून जाहीर आवाहन केलं, की नानासाहेबांच्या वापरातली वस्तू कोणाकडं असल्यास जमा करावी. सिल्लोडहून एक गृहस्थ आपला उजवा हात घेऊन आले. नानासाहेबांनी तो एका सभेत दोन्ही हातांत धरला होता. हात ऐतिहासिक होता, पण गृहस्थ तो ठेवून जायला तयार नव्हते, म्हणून प्रस्ताव दप्तरी दाखल झाला.

त्यानंतर एका रिक्षातून, मांडीवर एक लांब गाठोडं आडवं घेऊन कमरुन्निसाबी आल्या. नानासाहेबांच्या गाडीवर उभा जन्म काढलेल्या रहीम ड्रायव्हरची ही बायको. रहीम केव्हाच अल्लाच्या घरी गेला होता. त्यांनी जुन्या लुगड्याची गुंडाळी सोडली. आत वेताच्या रंगाची, पितळी सांध्यांची तीन तुकड्यांतली काठी, एक पितळी रीळ आणि एक पत्र्याची डबी. डबीत रंगीत पिसांच्या इवल्या इवल्या माश्या, आणि प्रत्येक माशीच्या पोटात आकडा.

"हे काय?" काकासाहेबांनी विचारलं.

"गळ है साहेब. नानासाहेब विलायतेला गेले व्हते ना, कालवे बघाया? तिथून आणला. कालवे काय आणले नाय, हेच आणलं. दर इतवारी गोदावरीवर जायचे दोघं, ते आन्‌ हमारे ये. जाताना ह्यांच्या हातात देऊन गेले. म्हणले, रहीम, हे पोरांच्या हाती लागू देऊ नको."

"पण नानासाहेब माळकरी होते!"

"मग? खात कुठं व्हते? पकडायचे, तोंड बघायचे, सोडून द्यायचे."

"मग पकडायचे कशाला?"

"तुमच्या हापिसात मानसं येत्यात की नाय साहेब," कमरुन्निसाबी म्हणाल्या, "तसंच."

काकासाहेबांनी पाणी मागवलं. कमरुन्निसाबींची अट एकच होती. वस्तू घ्या, पैसा नको; फक्त पाटीवर दोन नावं लिहा. हा गळ नानासाहेबांचा आणि रहीमचा. "लोकान्ला कळू द्या, ते दोघं दोस्त व्हते. गाडीत पुढं-मागं बसायचे, नदीवर शेजारी बसायचे." एवढं सांगून त्या काठीवरून एकदा हात फिरवून गेल्या.

काठी जोडली तेव्हा बरोबर नऊ फूट भरली. काकासाहेबांना हा ईश्वरी संकेत वाटला.

अडचण पुढं आली. समितीवरचे इतिहासतज्ज्ञ प्रा. बद्रीनाथ सुरडकर काठी पाहून हबकले. त्यांची डॉक्टरेट 'नानासाहेबांचे नदीकाठचे चिंतन' या विषयावर होती. नानासाहेब दर रविवारी गोदाकाठी तासन्‌तास पाण्याकडं बघत निश्चल बसत, मध्येच त्यांचा चेहरा उजळे आणि ते उठून उभे राहत, अशी प्रत्यक्षदर्शींची साक्ष प्रबंधात होती. त्या उजळण्यावर तर संपूर्ण चौथं प्रकरण होतं.

"हा गळ असूच शकत नाही," प्राध्यापक म्हणाले.

"मग काय आहे?"

प्राध्यापकांनी काठीभोवती दोन फेऱ्या मारल्या. संशोधन तिथल्या तिथं पूर्ण झालं. ही निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातल्या गुप्त बिनतारी केंद्राची एरिअल होती. रीळ म्हणजे तार गुंडाळण्याची सोय. आकडे, तार कौलांना अडकवण्यासाठी.

"आणि पिसं?"

"लांबून पक्षी वाटावा म्हणून."

काकासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून रीळ डोळ्यांजवळ नेलं. "बद्रीनाथराव, यावर विलायतेच्या कारखान्याचं नाव आहे आणि सन एकोणीसशे अठ्ठावन्न. पोलिस ॲक्शन होऊन निजाम अठ्ठेचाळीस सालीच शरण आला. मग दहा वर्षांनी ही एरिअल लावून कोणाला निरोप पाठवत होते?"

दहा वर्षांची तफावत गंभीर होती. वस्तूचं साल बदलता येत नव्हतं. म्हणून समितीनं इतिहास बदलला. ठराव एकमतानं झाला तो असा : नानासाहेब नदीकाठी चिंतनात असल्यामुळं पोलिस ॲक्शन झाल्याचं त्यांना उशिरा समजलं, सबब त्यांच्यापुरता लढा अठ्ठावन्न सालापर्यंत चालू राहिला. त्यांपैकी बराच काळ ते मंत्री होते, हा आक्षेप प्राध्यापकांनी स्वतःच काढला आणि स्वतःच खोडला. मंत्री असताना ते भूमिगत होते. त्या काळात मतदारसंघात ते कोणालाही दिसलेले नाहीत, हा पुरावा पुरेसा होता.

इथं विषय संपला असता. पण नियमाप्रमाणं वस्तूचा प्रवास लिहावा लागतो. गुप्त यंत्राचा भाग ड्रायव्हरच्या घरात कसा गेला? मित्रानं मित्राला दिला म्हणावं, तर एरिअल कोणी भेट देत नाही. रहीम हा लढ्यातला सहकारी म्हणावा, तर तसा दाखला नाही. उरला तिसरा पर्याय. तो कोणाच्याही मनात नव्हता, हे इथं नमूद केलं पाहिजे; तो केवळ शिल्लक राहिला. कमरुन्निसाबींना नोटीस गेली, की आपल्या पतीनं राष्ट्रीय महत्त्वाचं संदेशवहन साधन कोणाच्या सांगण्यावरून ताब्यात ठेवलं, याचा खुलासा करावा.

कमरुन्निसाबी नोटीस घेऊन आल्या. मागच्या वेळची ताठ चाल उरली नव्हती.

"साहेब, पोलिस ॲक्शनच्या वख्ताला हमारे ये धा वर्साचे व्हते. गोट्या खेळायचे."

"वयाचा मुद्दा स्वतंत्र आहे, बाई. तो वेगळ्या टेबलावर येतो."

"मोहल्ल्यात वायरलेस म्हनू राहिले मला. किराणावाला इचारतो, चाची, दिल्ली लगती क्या? पोलीस येऊन गादी उसवून गेला. हसतेय मी. पन रात झाली की त्यांचा फोटो बघवत नाय. जित्तेपणी एक खिळा घरी नाय आणला त्या मानसानं. मेल्यावर चोर झाला?"

"चोर कोणी म्हटलेलं नाही. संशयित म्हटलंय. त्यात मान आहे."

"तुमचा चष्मा जरा काढा साहेब."

"का?"

"चष्म्यातून एरिअल दिसतो ना तुमाला. मासा दिसतो का बघू. चला पैठणला. मी पकडून दाखवते. पकडला मासा तर गळ, नाय पकडला तर तुमचा वायरलेस."

ही मागणी नियमात बसत होती. वस्तूचं प्रात्यक्षिक म्हणजे स्थळपाहणी, आणि स्थळपाहणी म्हणजे प्रवासभत्ता. मत्स्य विभागाची परवानगी घ्यावी की काय, असा प्रश्न निघाला. पण नेणार ती एरिअल असल्यामुळं परवानगीची गरज नव्हती.

जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला, रामकिसनच्या ढाब्यामागं, समिती खुर्च्या टाकून बसली. प्राध्यापकांनी वारंवार घड्याळ बघितलं. कमरुन्निसाबींनी चपला काढल्या, पदर खोचला आणि काठीचे तीन तुकडे जोडले. जोडताना प्रत्येक सांधा त्यांनी केसांवरून एकदा फिरवला. तेलानं पितळ सहज बसतं, असं म्हणाल्या.

"तुम्हाला कोणी शिकवलं?" काकासाहेबांना राहवलं नाही.

"डबा घेऊन यायची मी. नानासाहेब झाडाखाली घोरायला लागले की हे माझ्या हातात द्यायचे."

"नानासाहेब घोरत नव्हते," प्राध्यापक म्हणाले. "ते तिसरं प्रकरण आहे."

काठी मागं गेली, पुढं आली. दोर हवेत लांब वळण घेऊन सुटला आणि पिसाची माशी पाण्यावर इतकी अलगद टेकली, की काकासाहेबांना ती खरीच वाटली. एकदा, दोनदा, बऱ्याचदा. मग पाणी फुटलं. रीळ किर्रर्र करून ओरडलं. कमरुन्निसाबी दोन पावलं पाण्यात गेल्या, हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि काठावर आली ती हातभर लांब, काळपट, धडपडणारी मरळ.

"बघा! बघा साहेब! हाय का नाय गळ?"

काकासाहेब उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर सत्य उमटलं. कमरुन्निसाबी आकडा काढून मासा परत पाण्यात सोडायला वाकल्या, तेव्हा ते भानावर आले.

"थांबा! सोडताय कुठं? तो पुरावा आहे."

"नानासाहेब सोडायचे."

"नानासाहेब लोकनेते होते. आम्हाला लेखापरीक्षण असतं."

पुरावा ताब्यात घेण्यात आला. पुराव्याला ऊन सहन होत नव्हतं. एक वाजून गेला होता, आणि रामकिसननं ढाब्याच्या दारातून तिखट-मिठाचं विचारलं. ते त्यानं सहज विचारलं होतं. तासाभरात पुराव्याचे तळलेले तुकडे आणि थोडा रस्सा समितीसमोर सादर झाला. काकासाहेबांनी भाकरी दोनदा मागवली. प्राध्यापकांनी सुरुवातीला तत्त्वतः विरोध नोंदवला, मग डोक्याकडचा तुकडा घेतला.

हात धुतल्यावर इतिवृत्त लिहून झालं : 'सदर साधनाचे प्रात्यक्षिक घेण्यात आले. अखेरीस समितीसमोर मासा आढळून आला नाही.'

कमरुन्निसाबींनी ताटाकडं बोट दाखवलं. "मग हे काटे?"

"काटे कशाचे आहेत, हे निष्पन्न होत नाही."

"साहेब, मिशीला रस्सा लागलाय," कमरुन्निसाबी म्हणाल्या.

काकासाहेबांनी मिशी पुसली. "हे इतिवृत्तात घेऊ नका," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर काठी सरकारी गाडीतून गेली. कमरुन्निसाबी एसटीनं आल्या.

उद्घाटन ठरल्या तारखेला झालं. मंत्रिमहोदय म्हणाले, की आजच्या तरुणांनी या एरिअलपासून प्रेरणा घ्यावी. नऊ फुटी कपाटात ती देखणी दिसते. पाटी संगमरवरी आहे : 'मुक्तिसंग्रामातील गुप्त बिनतारी केंद्राची एरिअल. वापर : लोकनेते कै. नानासाहेब पिंपळवाडीकर. रहीम ड्रायव्हर याच्या ताब्यातून हस्तगत.' पाटीवर दोन्ही नावं यावीत, ही बाईंची अट समितीनं तंतोतंत पाळली, असं काकासाहेब आवर्जून सांगतात.

गर्दी होईना, तेव्हा प्राध्यापकांच्या सूचनेवरून काचेला एक भोक पाडून नळी बसवली. नळीला कान लावला, की नानासाहेबांचा शेवटचा संदेश ऐकू येतो. पुढं दोन दारं आहेत. ज्यांना ऐकू आला, त्यांनी उजवीकडं जायचं. तिथं पेढा मिळतो आणि फोटोची जागा आहे. ज्यांना ऐकू आला नाही, त्यांनी डावीकडं टेबलापाशी थांबायचं. नाव, पत्ता, आधार कार्ड आणि ऐकू न येण्याचं कारण. सक्ती कुठलीच नाही. डावीकडचा खुर्चीवाला महिनोन्‌महिने पेपर वाचत बसलेला असतो.

एका रविवारी कमरुन्निसाबी रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर त्यांनी आधी पाटीवरच्या दुसऱ्या नावावरून बोट फिरवलं, मग नळीला कान लावला. पुष्कळ वेळ लावून ठेवला.

"काय म्हणतात अम्मा नानासाहेब?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"नानासाहेब काय म्हनत नाय, बेटा. मुकी काठी है ती." त्यांनी मागं वळून दारापलीकडं वाहनतळापर्यंत गेलेली रांग बघितली. "पन गळाला लागलीये. लई मोठी लागलीये."

आणि त्या आपण होऊन डावीकडं वळल्या.

त्यांच्या मागं तुम्हीच होतात. सोबत घरची मंडळी होती, मुलांना इतिहास दाखवायला आणलं होतं. तुम्ही कान लावलात. आत काहीच नव्हतं. तुम्ही जरा थांबलात, नळी थोडी हलवून बघितली, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडं बघितलं. तिथं ती म्हातारी पिशवीत आधार कार्ड शोधत होती, आणि खुर्चीवाल्यानं पेपर खाली ठेवला होता.

"अगदी स्पष्ट," तुम्ही म्हणालात, आणि मुलाला पुढं ढकललंत. "तूपण ऐक रे."

पेढा कसा होता?