कौसल्याबाईंच्या डोक्यातले राखणदार

तेजरामभाऊ रोज सकाळी बायकोच्या टाळूकडे बघून शिव्या घालायचे. बायकोला नाही हो, आतल्यांना! "काऊन गा, झोपून राहिले का? खाता आमचं अन् चाकरी त्या गाठीची करता? लाज नाही वाटत?" कौसल्याबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "हळू बोला, मास्तर आयकून राहिले."

मास्तर म्हणजे मी. मुर्री गावात आमच्या दोन घरांना भिंत एकच, त्यामुळे मला कान टवकारावे लागत नाहीत.

झालं असं, की बाईंच्या मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी समजावलं, मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात, पण गाठीनं त्यांना फितवलंय. भाऊंचा अर्धा जन्म धानाची राखण करण्यात गेलेला. राखणदारच फितूर म्हटल्यावर त्यांचं डोकंच फिरलं.

मग नवा उपचार ठरला. बाईंच्या रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. पेशी तिकडे शिकायला गेल्या आणि इकडे या गृहस्थानं माझा जीव खाल्ला. "मास्तर, पास होतीन ना?"

पास झाल्या. नागपूरच्या दवाखान्यात बाईंना दिल्याही; सोबतीला मीही गेलो होतो. या उपचारात कधीकधी माणूस भांबावतो, म्हणून सिस्टर रोज प्रश्न विचारायच्या. घड्याळ दाखवलं, बाई म्हणाल्या, घड्याळ. भाऊंकडे बोट केलं, "हे कोण? नाव सांगा." बाईंनी पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं. "मीनाचे बाबा." नाव काही निघेना. सिस्टर काळजीत पडल्या. भाऊंची मात्र छाती फुगली.

"अवो बाई, शुद्धीवर हाये म्हणून तं सांगत नाही! लग्न झाल्यापासून माहं नाव नाही घेतलं. माह्या नावाचा दुसरा गडी हाये गावात, त्याले बी 'ते दुसरे' म्हणते!"

पुढे बाईंना ताप चढला. सिस्टरनी तोच प्रश्न विचारला. बाईंनी भाऊंकडे टक लावून पाहिलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "तेजराम."

"अरे वा! शाब्बास!" सिस्टर हसल्या. मीही हसलो, मूर्खासारखा. भाऊ मात्र ओरडले, "डॉक्टरले बलवा. लवकर बलवा! मास्तर, माही कौसल्या गेली गा कुठंतरी." आणि तो आडदांड माणूस माझा हात धरून ओक्साबोक्शी रडायला लागला.

डॉक्टर धावत आले, औषधं बदलली. ताप उतरायला वेळ लागला. गाठीचं काय झालं ते अजून कळायचंच होतं. सिस्टरनी पुन्हा भाऊंकडे बोट केलं. बाईंनी पदर ओढला. पुन्हा विचारलं, तशा बाई वैतागल्या, "कितीदा सांगू वो? मीनाचे बाबा!"

भाऊ डोळे पुसत वॉर्डभर सांगत सुटले, "नाही घेतलं गा! नाही घेतलं माहं नाव!"