सातव्या मजल्यावरची मुलाखत

निवृत्त झाल्यावर मी घरातल्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग न कुरकुरणाऱ्यांनाही घातलं. अकराव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी परत कामावर बोलावणार नाही का?" या प्रश्नात माझ्याविषयी आदर होता, असं मी अजूनही धरून चालतो.

एका सात मजली कचेरीची लिफ्ट मी एकोणतीस वर्षं सांभाळली. ती माझ्याशिवाय चालत नसे. यात कौशल्य कमी आणि लबाडी जास्त होती. बटणांच्या पट्टीखाली डावीकडे एक गुद्दा हाणला की ती सुरू व्हायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. उलट, गुद्द्याआधी दहा मिनिटं उगाच पाने-पकडी वाजवायचो. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "तुमच्याशिवाय कसं व्हायचं?" मी मान खाली घातली, कारण हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी लिफ्ट बंद पडली ती पडलीच. पाच महिन्यांनी 'ज्येष्ठ अनुभव सन्मान योजने'खाली मला मुलाखतीचं पत्र आलं. खरं सांगतो, पत्र वाचताना डोळे भरून आले. पगाराचं काही नव्हतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय, एवढंच मला हवं होतं.

तळमजल्यावर मदत कक्षात एक बाई होत्या. त्याही निवृत्तीनंतर परत घेतलेल्या.

"मुलाखत सातव्यावर," त्या म्हणाल्या.

"मग आधी लिफ्ट चालू करतो. दोन मिनिटांचं काम."

"नेमणुकीआधी यंत्राला हात लावता येत नाही, भाऊ."

"तर मग समितीला खाली बोलवा."

"कशी येणार? तिघंही सत्तरीचे, आणि लिफ्ट बंद. सकाळी आठला चढायला लागतात, अकराला पोचतात."

मी निघालो. दुसऱ्या मजल्यावर गुडघा बोलू लागला. चौथ्यावर बाकावर एक निवृत्त टंकलेखक बसले होते. तेही उमेदवारच.

"कधीपासून बसलाय?"

"मंगळवारपासून. संध्याकाळी उतरतो, सकाळी परत येतो. पण प्रगती आहे. सोमवारी तिसराच गाठला होता."

सातव्यावर दाराबाहेर मी घाम पुसला, श्वास जागेवर येऊ दिला, केस सारखे केले आणि ताठ चालत आत गेलो.

"जिना चढून आलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"एका दमात!"

"त्रास नाही झाला?"

"छे, छे! असे आणखी सात चढेन."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. 'एकसष्ट वर्षांचा उमेदवार सात मजले विनासायास चढतो, हे समितीस प्रत्यक्ष आढळून आले. सबब या इमारतीस लिफ्टची आवश्यकता नाही. लिफ्ट मेकॅनिकचे पद रद्द करण्यात येत आहे.' मग तिघांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

उतरताना टंकलेखकांना लांबूनच नमस्कार केला. तसाच खाली आलो.

खाली बाईंनी हात जोडले. "भाऊ, नोकरी राहू दे. पण नेमकं काय बिघडलंय, तेवढं तरी सांगून जा."

मी लिफ्टच्या त्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "फार गुंतागुंतीचं आहे हो."

तुमचा एखादा कागद त्या सातव्या मजल्यावर अडकला असेल, तर मला खुशाल शिव्या घाला. फक्त त्याआधी एक सांगा. तुमच्या टेबलावरचा गुद्दा तुम्ही आजवर कुणाला शिकवलात?