सुंदर ब्लॉकेज

प्राप्ती लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिची आजी नीराबाई दारातून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर काळे ठिपके एकमेकांना चिकटत होते. त्यांच्या फांद्या होत होत्या, फांद्यांना पुन्हा तशाच बारीक फांद्या. पाण्याच्या फिल्टरमध्ये गाळ कसा साचतो, याचा तो संगणकावरचा प्रयोग होता. नीराबाईला मात्र त्या छातीतल्या रक्तनळ्या वाटल्या. असाच फोटो आजोबांचा परवा अलिबागला काढला होता, आणि रिपोर्ट प्राप्तीच्या मोबाइलवर यायचा होता.

"डॉक्टर, हे बघा," प्राप्ती पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या, व्हिडिओ कॉलवरच्या सरांना म्हणाली.

"नव्वद टक्के ब्लॉकेज! वा, काय सुंदर आलंय!"

'मेल्याला सुंदर वाटतंय!' नीराबाई मनात म्हणाली.

"आता काय करू?" प्राप्तीने विचारलं.

"काही नको. पूर्ण बंद पडू दे, मग बघू."

नीराबाई धावत ओटीवर आली. आजोबा मजेत सुकट खात होते. तिने ताटली ओढून घेतली.

"आडवे व्हा."

"अगो, आताच तं उठलो!"

ती त्यांचे पाय चेपू लागली. एवढी माया बघून आजोबांना घाम फुटला. "रिपोट आला काय गो?"

नीराबाईने पदर डोळ्यांना लावला. मग आजोबांच्या छातीत खरंच कळ आली. शेजारच्या तुळशीरामने टेम्पो दारात आणला, आळी गोळा झाली.

नीराबाई तरातरा आत गेली आणि पडद्यापुढे हात जोडून ओरडली, "डाक्तर, बंद पडू देऊ नका! वाचवा ह्यांना!"

"कोणाला?"

"ह्यांना वो!"

"ह्यांना म्हणजे?"

"काळूरामला!"

मांडवातल्या उखाण्यानंतर तिने ते नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. ओटीवरची आळी दारातून आत डोकावू लागली.

"आजी, हे माणसांचे डॉक्टर नाहीत गं," प्राप्ती म्हणाली. "गाळाचे आहेत." तिने मोबाइल उघडला. रिपोर्ट नुकताच आला होता. काहीही निघालं नव्हतं.

टेम्पो गेला, आळी हसत पांगली. आजोबा मात्र डोळे मिटून पडलेच होते.

"उठा की. काय न्हाय झालं तुम्हाला."

"उठतो. पन आधी मघासारखी हाक मार."

नीराबाईने इकडेतिकडे बघितलं. तिचे ओठ हलले.

"ऐकू न्हाय आलं."

"मग उद्या कानाचा फोटू काढू," ती म्हणाली, आणि परत पाय चेपू लागली.