धुरपदाबाईंचं कोपर

धुरपदाबाईंच्या ओसरीवर पाय ठेवताच शेजारच्या वच्छलाबाईंनी नाक वर केलं आणि हुंगत हुंगत त्या थेट माजघरापर्यंत आल्या.

"काय वं धुरपदा, घरात डांबराचा वास कशाचा येते?"

धुरपदाबाई गहू निवडत होत्या. पोलक्याच्या बाह्या कोपराच्या खालपर्यंत ओढलेल्या, आणि वास त्या बाह्यांमधूनच येत होता. दोन्ही कोपरांवर रुपेरी खपल्यांचे चट्टे उठले होते. जळगावच्या डॉक्टरने त्यावर डांबराचं काळं मलम दिलं होतं. "याला सोरायसिस म्हणतात, बाई," तो म्हणाला होता. "लागट नाही. पण मुळासकट जाईल असंही सांगत नाही. कधी वाढेल, कधी दबेल. खाजवू नका, कातडी तेलकट ठेवा, आणि कोणी जालीम औषध सांगितलं तर ऐकू नका."

तसं धुरपदाबाई कोणाचंच ऐकत नसत. अडचण दुसरी होती. असोद्यात खापरावरचे मांडे करावेत तर त्यांनीच. पुरण भरलेला गोळा त्या हातांवर झेलत झेलत असा वाढवत, की मनगटापासून कोपरापर्यंत उपरण्यासारखा पातळ मांडा लोंबे आणि एका झोक्यात उपड्या, तापल्या खापरावर पडे. लग्न असो, जावई असो, खापरापाशी मान त्यांचा. आणि गावाची रीत अशी, की बाईच्या हातावर काही उठलेलं दिसलं की तिला खापरापासून उठवायचं. लागट आहे की नाही हे डॉक्टरला विचारायला कोण जातो? आणि मग त्या जागेवर कोण बसलं असतं? वच्छलाबाई. निम्मा मांडा खापरावर आणि निम्मा चुलीत टाकणाऱ्या वच्छलाबाई.

"रस्त्याचं डांबर हाये," धुरपदाबाई मान वर न करता म्हणाल्या. "जयगावपासून असोद्यापर्यंत पक्का रस्ता होऊन राह्यला. साहेबानं पितांबरले नमुना देला."

त्यांचा मुलगा पितांबर दारात बसून केळीच्या घडांना वाळली पानं गुंडाळत होता. त्याने तोंड उघडलं. आईने नुसतं पाहिलं. त्याने ते मिटलं.

वच्छलाबाईंच्या पोटात बातमी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. सरपंच तोतारामभाऊ आले, ओसरीवर बसले, खोल श्वास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "वास खरा हाये," ते म्हणाले. "स्वराज्य आलं होतं, आता असोद्यातबी येईन." मग लोक वास घ्यायलाच येऊ लागले. म्हातारे झुलालबाबा तर रोज येत, चिखलात रुतलेल्या गाड्यांची आठवण काढत आणि समाधानाने घरी जात. धुरपदाबाईंची पंचाईत अशी, की मलम थांबवलं तर चट्टे पेटत आणि लावलं तर रस्ता आणखी पुढे सरके.

त्यातच ओढ्यावरची मोरी तपासायला ओव्हरसियर साहेब गावात आले. तोतारामभाऊंनी त्यांना हार घातला. साहेबांना वाटलं, मोरीचाच असेल.

"जेवल्याबिगर जायचं नाही, साहेब," तोतारामभाऊ म्हणाले. "आमच्या धुरपदाक्काच्या हातचे मांडे खाऊन जा. बातमी त्याईच्याच घरून आली."

अंगणात चूल पेटली, खापर उपडं बसलं, निम्मं गाव जमलं. धुरपदाबाईंनी कोपरं साबणाने धुतली, तेल लावलं, चट्ट्यांवर धुतलेल्या मलमलीच्या पट्ट्या बांधल्या आणि वरून बाह्या ओढल्या.

"बाह्या वर घे ना वं," वच्छलाबाई म्हणाल्या. "अशानं मांडा कसा झेलशीन?"

"मी डोये मिटूनबी झेलते."

पहिलाच मांडा बाहीच्या काठाला चिकटला आणि फाटला. पुरण राखेत गेलं. धुरपदाबाईंचा मांडा फाटलेला असोद्याने कधी पाहिला नव्हता.

"थकली तू, माय. मी बसते," वच्छलाबाई म्हणाल्या आणि बसल्याही, कारण धुरपदाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

पण त्या जागा द्यायला उठल्या नव्हत्या. त्यांनी बाह्या वर केल्या, पट्ट्या सोडल्या आणि दोन्ही कोपरं साहेबांसकट सगळ्यांपुढे धरली.

"पाहून घ्या सारे. डांबर या कोपराचं हाये. रस्ताफिस्ता काही होत नाही, मी खोटं बोलले. हे चट्टे डॉक्टरनं पाह्यले. कोणाले लागत नाहीत, पण मले सोडतबी नाहीत. त्याईले माह्या घरी राहायचं तर माह्या रीतीनं राहतीन. याच हातानं मी बाळंत सुनेले न्हाऊ घातलं, नातवाले भरवलं, त्याईच्या अंगावर काही उठलं नाही. ज्याले भेव वाटते त्यानं वच्छलाच्या हातचं खावं. मले राग नाही."

'राग नाही' हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की पुढे बसलेले मागे सरकले.

तोतारामभाऊंच्या चेहऱ्यावरून पक्का रस्ता उखडला गेला. साहेबांना हाराचा अर्थ आत्ता कळला. तेवढ्यात वच्छलाबाईंनी मांडा टाकला. त्याचं एक टोक खापरावर पडलं, दुसरं चुलीत आणि मधलं त्यांच्या पदरावर. खापरावर पडलेलं साहेबांच्या ताटात आलं. साहेबांनी एका हाताने तुकडा तोडून पाहिला, मग दोन्ही हातांनी. तोंडात घातला. बराच वेळ चावला. मग ताट बाजूला सारून ते पाणी प्यायले.

"लागत नाही म्हणाल्या ना, बाई?" ते म्हणाले. "मग तुम्हीच बसा."

धुरपदाबाईंनी पट्ट्या पुन्हा बांधल्या, बाह्या मात्र वरच ठेवल्या, हात धुतले आणि बसल्या. मांडा मनगटावरून असा उतरला, की त्याच्या पलीकडचे झुलालबाबा आरपार दिसले. साहेबांमागून तोतारामभाऊंनी ताट पुढे केलं आणि त्यांच्यामागून गावाने. "पुरण तेवढं चाखते," म्हणत वच्छलाबाईही पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या नव्या सुनेला घेऊन आल्या. दार लोटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सुनेचा हात धरून धुरपदाबाईंच्या कोपरापाशी नेला.

"हिले जरा हात लावू दे ना वं," त्या हळूच म्हणाल्या. "लागले तर लागले चट्टे. त्याच्यासंगं मांडेबी येऊन जातीन."

धुरपदाबाईंनी कोपर मागे घेतलं नाही. सुनेची बोटं उलटीपालटी करून पाहिली. लांब होती, बरी होती.

"काहीच लागत नाही, वच्छला. चट्टेबी नाही अन् मांडेबी नाही," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "उद्या सकायी कणीक घेऊन ये, पोरी. सासूले घरी ठेव."