गावंडेभाऊंचा कापूस

गावंडेभाऊंच्या जेवणाच्या डब्यावर चिठ्ठी असते. रसायनाच्या बाटलीवर असते तशीच, पांढरी, चौकोनी, काठाला लाल रेघ. 'वांग्याची भाजी. बनवणारी: कमल.' खाली तारीख. पुसदच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला आले, त्या पहिल्याच दिवशी ती चिठ्ठी पाहिली आणि मनात म्हटलं, हा माणूस एकतर वेडा आहे, नाहीतर बायकोला फार भितो. विचारलं तर म्हणाले, "ज्यानं बनवलं त्याचं नाव नको का, मॅडम? नाव अन् तारीख नसली तर मी पाणीबी ओतून देतो."

आणि खरंच देतात. एकदा प्राचार्य प्रयोगशाळेत चहाचा कप ठेवून फोनवर बोलायला बाहेर गेले. परत आले तोवर कप धुऊन पालथा घातलेला होता.

भाऊ आमचे प्रयोगशाळा सहायक. अंगाने काटकुळे, आवाज मात्र आठवडी बाजारात वाढलेला. अमोनियाची बाटली उघडली की आम्ही सगळे खिडकीकडे धावतो. भाऊ उलट सर्दी झालेल्या पोरांना हाका मारून जवळ बोलावतात. पण त्यांचा खरा दरारा एका प्रयोगावर उभा होता. बारावीच्या प्रकल्पात कापूस विरघळवून त्यातून रेशमासारखा धागा काढायचा असतो. कापूस हा महाहट्टी प्राणी. पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटला दाद देत नाही. मोरचूद आणि अमोनियाचं गडद निळं द्रावण केलं, तर त्यातच काय तो नमतो. भाऊ पोरांना सांगत, "पाण्यात विरघळते ते साखर. हा आपल्या जिल्ह्याचा कापूस हाये, इतक्या लवकर कोणाचं आयकत नाई."

बाकीची कॉलेजं यासाठी औषधाच्या दुकानातला कापूस आणतात. भाऊंच्या लेखी हा गुन्हाच. घरच्या शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी असताना कापूस विकत घ्यायचा म्हणजे लाजच गेली म्हणायची. ते स्वतःच्या शेतातला आणत आणि तो दरवर्षी गुपचूप विरघळे. दुसऱ्या कॉलेजचे मास्तर युक्ती विचारायला आले, की भाऊ आपला पंजा पुढे करत. "हात लागते," एवढंच म्हणत.

खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. शेतातल्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो. सोड्यात उकळून तो काढला नाही, तर कापूस ओलासुद्धा होत नाही, हे पुस्तकात आहे. मी धरून चालले की भाऊ घरून उकळूनच आणत असतील. आठ वर्षांत एकदा तोंड उघडून विचारलं नाही. मास्तरकीचा पगार मी कशाचा घेते, देव जाणे.

गेल्या श्रावणात कमलबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. पंधरा दिवसांनी भाऊ कामावर आले, तेव्हा डब्यावर चिठ्ठी होती: 'वांगी, बहुतेक. बनवणारा: गावंडे.' मला हसू आलं, आणि हसल्याची शरम वाटली.

यंदा हा प्रकल्प बारावीतल्या पूनम जाधवकडे होता. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या दिवशी अकराला येणार होते. भाऊंनी नेहमीप्रमाणे कापूस आणला, निळ्या द्रावणात सोडला, आणि कापूस वर तरंगत राहिला. दाबला की पुन्हा वर. सकाळी दहापासून दोन वाजेपर्यंत भाऊ ढवळत होते. डबा तसाच बंद. शेवटी पूनम हळूच म्हणाली की मी दुकानातून आणते. ते भाऊंनी ऐकलं. मे महिन्यात निवृत्त व्हायचं होतं त्यांना. ढवळणी खाली ठेवून ते म्हणाले, "एकवीस वर्षांत असं झालं नाई, मॅडम. हातच गेला माहा."

मी विचारलं, "भाऊ, सोड्यात उकळला होता ना?"

"कायले? मी कधीच उकळला नाई."

"मग दरवर्षी कोण उकळत होतं?"

शब्द तोंडातून गेले आणि मी जीभ चावली. भाऊ स्टुलावर बसले. मग तुटक तुटक सांगू लागले. एकवीस वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या वर्षी, प्रयोग फसला होता. घरी जाऊन ते न जेवता झोपले. बायकोने काय झालं ते विचारून घेतलं, बस्स. पुढच्या वर्षीपासून कापूस विरघळू लागला, आणि यांना वाटलं, आपला हात बसला. तिच्या माहेरी सूत रंगवत, आणि त्याआधी ते सोड्यात उकळत. प्रयोगाच्या कापसाची पिशवी तीच भरून देई. दर दिवाळीनंतर ती धुण्याचा सोडा आणायला सांगे, आणि हे कुरकुरत की एवढं काय धुते ही बाई.

"मले सांगतलं काहून नाई तिनं?" त्यांनी विचारलं.

मग उठले. सोडा मागितला, पातेलं चढवलं, कापूस दोन तास उकळला, धुतला, पिळला, घरी नेऊन वाळवला. सकाळी आठला पूनमने तो द्रावणात टाकला. या वेळी तो बुडाला, आणि अकरापर्यंत निळा काढा मधासारखा दाट झाला. परीक्षकांसमोर तिने सिरिंजने तो सौम्य ॲसिडात सोडला. निळा धागा निघाला आणि बघता बघता पांढरा झाला. परीक्षकांनी कापूस कुठला म्हणून विचारलं. मला वाटलं, आता पंजा पुढे येणार.

भाऊ म्हणाले, "शेत माहं हाये, सर. इद्या बायकोची."

सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. आत कापूस होता, पांढराशुभ्र, धुतलेला. गेल्या वर्षीचा उरलेला, काल स्वयंपाकघराच्या फळीवर सापडलेला. "आमच्या घरात चिठ्ठीबिगरचा एवढा एकच डबा निंगाला," म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला बसले. 'कापूस. बनवणारी: कमल.' तारखेपाशी पेन थांबलं.

"मी घरी नसताना कापूस उकळे ती," भाऊ म्हणाले. "तारीख आता कोणाले इचारू?"

मी म्हटलं, राहू द्या मोकळी. त्यांनी तशीच चिठ्ठी चिकटवली, डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आणि कुलूप लावलं.